वाटून घेतलेलं औषध

लालबाग-परळच्या चाळींचे जिने चढून माझे गुडघे गेले, हे मी विचारेल त्याला सांगते आणि न विचारेल त्यालाही सांगते. परळच्या एका गल्लीत क्षयाचा दवाखाना होता आणि तिथं माझी नोकरी घरभेटीची. रोगी औषध घेतो की नाही, घरात आणखी कोण खोकतंय, थुंकी कुठं टाकतात, हे बघत दारोदार हिंडायचं. फणसवाडीतून मी निघाले की सासूबाई म्हणायच्या, "सुनंदा, येताना नळाखाली हातपाय धुतल्याशिवाय आत पाऊल टाकू नकोस." आणि चाळीत पोचले की दारातली बाई कुजबुजायची, "शेजारी विचारलं तर देवी टोचायला आलेय म्हणून सांगा हं." म्हणजे घरी मी रोग आणणारी आणि चाळीत रोगाची बातमी फोडणारी. दवाखान्यातल्या साहेबांना वाटायचं की बाईला समाजसेवेची आवड आहे. आवड कसली डोंबलाची! घरात पैसे लागत होते.

त्या नोकरीत शेकडो माणसं पाहिली आणि बहुतेकांची नावं विसरले. बुधाजी राहिला. त्यानं मला जेवढं दमवलं तेवढं दुसऱ्या कुणी दमवलं नाही.

बुधाजी सावंतवाडीकडचा, गिरणीच्या साचेखात्यात मागावर काम करणारा. मिसरूड फुटायच्या आधी मुंबईत आला आणि आला तो सरळ लालबागेतल्या गावकीच्या खोलीत. या खोल्या ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांना सांगायला हवं. एका गावचे दहा-पंधरा बाप्ये मिळून एक खोली घेतात. बायकामुलं गावाला. कुणी पहिल्या पाळीला, कुणी दुसऱ्या, त्यामुळे एकाची वळकटी उचलली की दुसऱ्याची पडते. जेवण खानावळीत, ट्रंका भिंतीला एकावर एक, आणि खोलीचा कारभार बघायला एक कारभारी. बुधाजी त्या खोलीचा कारभारी होता. गावाहून फणस आला तर गरे मोजून वाटायचा तो. खिडकीखालची वाऱ्याची जागा कुणाची, यावर भांडण झालं तर चिठ्ठ्या टाकायचा तो, आणि चिठ्ठीत ज्याला जागा मिळेल त्यालाही महिन्याभरानं उठवून दुसऱ्याला द्यायचा, कारण नशिबानं एकालाच का म्हणून द्यावं? खोलीत एक काळा कोट होता. लग्नाला, कोर्टाला, गावाहून आलेल्या सासऱ्याला भेटायला जाताना ज्याला लागेल त्यानं घालायचा. तो कोट कुणी विकत घेतला होता हे बुधाजीलाही आठवत नव्हतं.

माणूस उंच, हाडकुळा, नाकाचा शेंडा लाल. बोलणं थोडं. रागावला तरी आवाज चढायचा नाही, पण त्यानं एखादी गोष्ट सांगितली की खोलीत त्यावर वाद होत नसे. संपात ज्यांच्याकडे दाणा नव्हता त्यांना ज्यांच्याकडे होता त्यांनी जेवू घातलं, आणि कुणी कुणाला जेवू घातलं याचा उच्चार त्यानं पुढं कधी करू दिला नाही. कामगारांच्या वस्तीत अशा माणसाला फार मान असतो. तो मान त्याला होता आणि तो त्यानं मिरवला नाही, हे मी त्याच्यावर चिडलेली असतानाही कबूल करते.

त्याला क्षय झाला तेव्हा चाळिशी उलटली होती. त्याच्या आधी खोकत होता त्याचा भाचा गणपत. गणपतला बुधाजीनंच गावाहून आणून गिरणीत चिकटवलं होतं. त्याची आई म्हणजे बुधाजीची थोरली बहीण, विधवा. निघताना तिनं भावाच्या पायावर पोराला घातलं आणि सांगितलं, "माझो झील उभो माका परत आणून दी." हे बुधाजीनं मला पहिल्याच भेटीत सांगितलं, अगदी कुणी आपला पत्ता सांगावा तसं.

गणपत पंचविशीचा, बोलका, अंगात वारं भरलेला. संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीची ती वर्षं. समितीनं शहरात निवडणूक मारली होती, पण मुंबई अजून महाराष्ट्राची झाली नव्हती, आणि चाळीचाळींतून रोज सभा, मोर्चे, प्रभातफेऱ्या चालू होत्या. गणपत प्रत्येकात पुढं. घोषणा त्यानं द्यायच्या आणि बाकीच्यांनी 'झालाच पाहिजे' म्हणायचं. एके दिवशी घोषणा देता देता त्याला उबळ आली आणि रुमालावर रक्त पडलं. मोर्चा पुढं गेला आणि तो फुटपाथवर बसला. तिथून बुधाजीनं त्याला आमच्या दवाखान्यात आणलं. फोटो काढायचे म्हणून दोघांचेही काढले, तर दोघांच्याही छातीत डाग.

इस्पितळांत तेव्हा खाटा मिळायच्या नाहीत. नंबर लागेपर्यंत माणूस जायचा. म्हणून आमच्या दवाखान्यात एक अभ्यास सुरू झाला होता. रोग्याला घरी ठेवूनच औषध दिलं तर तो बरा होतो का, आणि दोन प्रकारच्या औषधांतलं कोणतं जास्त गुण देतं, हे ताडून बघायचं. एका गटाला नुसत्या बारक्या पांढऱ्या गोळ्या. दुसऱ्या गटाला गोळ्या आणि वर पुड्या. पुड्या म्हणजे पातळ पापुद्र्यात भरलेली पूड, पाण्यात बुडवून मऊ करायची आणि गिळायची. पोट ढवळून काढणारं प्रकरण ते. कोणाला काय द्यायचं हे डॉक्टर ठरवत नव्हते. बंद पाकिटातून चिठ्ठी निघायची आणि त्यात जे असेल ते वर्षभर.

आमचे डॉक्टर कमलाकांत कोठारे जुन्या मुंबईकर घराण्यातले, गोरेपान, मृदू बोलणारे. त्यांनी दोघांना समोर बसवून सगळं समजावलं. पोटभर जेवल्यावर औषध घ्या. एक दिवसही चुकवू नका, बरं वाटलं तरी थांबवू नका. पायाला मुंग्या आल्या, अंगावर पुरळ उठलं, उलटी झाली तर आम्हाला सांगा, मनानं बंद करू नका. वैद्याचा काढा, बाजारातली सुई, काहीही दुसरं घेतलंत तर लपवू नका. उरलेलं औषध परत आणा. आणि ज्याचं औषध त्यानंच घ्यायचं. बुधाजी कोट घालून बसला होता. प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. मी तिथंच उभी होते. शेवटच्या वाक्यालाही त्यानं मान हलवली, हे मी शपथेवर सांगेन.

चिठ्ठीत बुधाजीला नुसत्या गोळ्या आल्या आणि गणपतला गोळ्या आणि पुड्या.

पहिले काही महिने त्या दोघांसारखे गुणी रोगी आमच्याकडे नव्हते. आठवड्याच्या आठवड्याला यायचे. हरताळाच्या दिवशी ट्राम बंद, दुकानं बंद, तरी हे चालत यायचे. औषध कधी उरलेलं नसायचं. बाकीचे रोगी अर्धी पुडकी गादीखाली ठेवून 'सगळं घेतलं' म्हणून सांगायचे, पुड्या संडासात टाकायचे, एकानं तर गोळ्या कोंबड्यांना घातल्या होत्या. डॉक्टर मला म्हणायचे, "सुनंदाबाई, त्या लालबागच्या मामाभाच्यांकडे बघा. सगळे असे असते तर!" आणि मी खूश व्हायचे, कारण ती खोली तिसऱ्या मजल्यावर होती आणि गुणी रोग्याकडे कमी वेळा चढावं लागतं.

पण फोटोत डाग हलेनात. बुधाजीचा खोकला थोडा कमी झाला, गणपतचा झाला नाही. त्याचं वजन वाढायच्या ऐवजी उतरलं. डॉक्टर कोड्यात पडले. इतकं नेमानं औषध घेणारा माणूस, तोही दोन औषधांच्या गटातला, सुधारायला हवा होता.

आमच्याकडे एक परीक्षा होती. न सांगता रोग्याच्या घरी जायचं, लघवीची बाटली भरून आणायची आणि तिच्यात एका औषधाचे थेंब टाकायचे. पुडी पोटात गेली असेल तर रंग जांभळट-लाल होतो. गेली नसेल तर होत नाही. पुड्या गटारात टाकणारे असेच सापडायचे. डॉक्टरांनी मला गणपतची बाटली आणायला पाठवलं आणि नियम म्हणून बुधाजीचीही. मी कुरकुरत तिसरा मजला चढले आणि दोन बाटल्या घेऊन उतरले.

गणपतच्या बाटलीला रंग आला, पण फिकट. बुधाजीच्या बाटलीलाही रंग आला. ज्या माणसाला आम्ही पुडी कधी दिलीच नव्हती त्याच्या लघवीत पुडी!

डॉक्टर मृदूपणे म्हणाले, "बाई, तुमच्या बाटल्यांची अदलाबदल झालेली दिसते."

माझं डोकंच फिरलं. अदलाबदल झाली असती तर एकीला रंग आला नसता की नाही? दोन्हींना आलाय ना? हे मी त्यांना तोंडावर बोलले, थोडं मोठ्यानंच बोलले, आणि पिशवी उचलून परत लालबागची वाट धरली. उन्हानं जीव जात होता आणि रस्त्यात समितीची मिरवणूक आडवी आली. तिच्यातून कशीबशी वाट काढत मी त्या चाळीत पोचले तेव्हा पहिली पाळी सुटली होती आणि खोलीतली माणसं खानावळीतून जेवून आली होती.

दार उघडंच होतं. मधोमध बुधाजी मांडी घालून बसला होता. त्याच्यासमोर फडकं पसरलेलं आणि फडक्यावर चार वाट्या. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या आणि पुड्या एकत्र करून तो चारी वाट्यांत टाकत होता. पुडी चौघांत बसेना तेव्हा पापुद्रा उघडून पूड चमच्यानं सारखी केली. त्याला धरून चारजण होते. तो, गणपत आणि खोलीतले आणखी दोन खोकणारे, ज्यांची नावं आमच्या अभ्यासात नव्हती. कुणी घाई करत नव्हतं. प्रसाद वाटतात तशी सगळी गंमत शांतपणे चालली होती.

मी दारातच बसले.

"बुधाजी, हे काय चाललंय?"

"येवा बाईनू, बसा." तो जरासुद्धा दचकला नाही. "औषध घेतंव."

"चौघंजण?"

"ह्ये दोगे पण खोकतत ना? तुमच्या डॉक्टरान त्येंका घेतला नाय. मगे त्येंनी काय करूचा?" आणि मग मला समजावं म्हणून हळू बोलला, "चिठ्ठीत माका नुसत्यो गोळयो इल्यो, गणपताक पुडयो पण. ह्यो नशिबाचो खेळ. आमच्या खोलयेत जा काय येता ता सगळ्यांचा. चिठ्ठीन कमीजास्त दिला तर माणसान सारख्या करूक नको?"

त्याच्या चेहऱ्यावर अपराधाचा लवलेश नव्हता. उलट थोडा अभिमान होता, इतके दिवस एवढं नीट निभावून नेलं याचा. उरलेलं औषध परत आणा असं सांगितलं होतं, तर ते उरू दिलं नव्हतं. एक दिवस चुकवू नका सांगितलं होतं, तर चौघांनीही चुकवला नव्हता. आणि ज्याचं औषध त्यानंच घ्यायचं, हे? ते त्यानं ऐकलं होतं. पण त्याच्या हिशेबी ते डॉक्टरांचं साहेबी बोलणं होतं. जेवायला बसलेल्या पाहुण्यानं 'पुरे पुरे' म्हणावं आणि आपण वाढत राहावं, तसलं ऐकून सोडून द्यायचं.

मी ओरडले. मला ओरडायचं नव्हतं, पण ओरडले. हे औषध म्हणजे फणस नव्हे म्हटलं. रोगाला मारायला जेवढं लागतं तेवढंच मोजून दिलेलं असतं, पाव हिश्शानं मारलं तर रोग मरत नाही, नुसता शहाणा होतो, आणि एकदा शहाणा झाला की मग पोतंभर औषध दिलंत तरी त्याला काही होत नाही. मी हे म्हणत असताना दुसरे दोघे उठून भिंतीला टेकले. गणपत मामाकडे बघत होता. बुधाजीच्या हातात चमचा तसाच राहिला होता.

"म्हणजे," तो म्हणाला, "गणपताक काय होईत?"

"थुंकी तपासल्यावर कळेल," मी म्हटलं.

थुंकीतले जंतू वाढवून त्यांच्यावर औषध टाकून बघायला आठवडे लागतात. तोपर्यंत डॉक्टरांनी दोघांना अभ्यासातून बाद केलं, कारण त्यांचे आकडे आता कशालाच उपयोगी नव्हते. पण औषध बंद केलं नाही. मृदू माणसाचा तेवढा गुण खरा. दुसऱ्या दोघांना मी म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात हात जोडून, थोडं भांडून लावून दिलं. त्यांचा क्षय कोवळा होता, पुढं ते सुधारले. बुधाजीच्या थुंकीतले जंतू अजून गोळीला दबत होते. त्याला पूर्ण औषध सुरू झालं तर तो उभा राहणार होता.

गणपतच्या जंतूंना गोळी लागू पडत नव्हती. पुडीही नाही. त्या काळात उरत होती ती महागडी सुई, आणि ती आम्ही दिली, पण छाती तोवर पोखरली होती.

हे बुधाजीला सांगायला मीच गेले. डॉक्टर म्हणाले होते मी बोलावून सांगतो, पण मला वाटलं, खोली त्याची, तिथंच सांगावं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून आपलं औषध घेणं सोडलं.

मला आठवड्यानं कळलं, पुडकं भरलेलं परत आलं तेव्हा. मी पुन्हा चढले. समजावलं, दटावलं, गावाकडच्या त्याच्या बायकोचं नाव काढलं. पालथ्या घड्यावर पाणी. तो एवढंच म्हणाला, "त्येका लागू पडणा नाय तर माका कित्या?" मी म्हटलं, तुम्ही मेलात म्हणून तो जगणार आहे का? तो म्हणाला, "नाय." मला त्या दिवशी त्याचा इतका राग आला की जिना उतरताना डोळे भरून आले. आयुष्यभर सारखं करत आलेल्या माणसाला एवढी एकच गोष्ट सारखी करता येण्याजोगी उरली होती, दोघांनी मिळून मरणं. आणि तेच तो करत बसला होता.

त्याला वठणीवर आणलं गणपतनं. मला ते खोलीतल्या माणसांनी सांगितलं आणि नंतर मी डोळ्यांनीही पाहिलं. सकाळी खानावळीतून जेवून सगळे आले की गणपत भिंतीला टेकून बसायचा. उठवत नसे, म्हणून मामाला जवळ बोलवायचा. स्वतः पुडकं उघडून गोळ्या त्याच्या हातावर ठेवायचा आणि खोलीतल्या सगळ्यांसमोर म्हणायचा, "मामानू, तोंड उघडा." बुधाजी मान फिरवायचा. मग गणपत खोकत खोकत म्हणायचा, "तुमी कारभारी ना खोलयेचे? मगे माझा मरण तरी फुकट घालव नका." पहिल्या दिवशी बुधाजी रडला म्हणतात. मग त्यानं गोळ्या घेतल्या. गणपत म्हणायचा, जीभ दाखवा. बुधाजी जीभ दाखवायचा. एवढा मानाचा माणूस, दहा-पंधरा जणांत, पोरासारखी जीभ बाहेर काढून. मी ते बघायला उभी राहायचे आणि माझ्याच्यानं बघवायचं नाही.

हा परिपाठ फार दिवस चालला. घोषणा देणाऱ्या गणपतचा आवाज आत आत गेला आणि शेवटी नुसती खूण राहिली. तो हातानं खूण करायचा आणि बुधाजी तोंड उघडायचा. शिवडीच्या इस्पितळात खाट मिळाली तेव्हा गणपतनं जाताना खोलीतल्या माणसांना पुडकं दाखवलं आणि मामाकडे बोट केलं. ते समजले. पुढं रोज कुणीतरी ते काम केलं. पाळीपाळीनं केलं, बुधाजीनं लावलेल्या शिस्तीनंच.

गणपत शिमग्याच्या सुमारास गेला. बुधाजीनं स्वतः गावी जाऊन बहिणीला सांगितलं. ती काय म्हणाली ते त्यानं मला कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तो परत आला तेव्हा पुडकं बरोबर होतं आणि त्यातली गोळी एकही चुकली नव्हती.

वर्ष उलटल्यावर बुधाजीचा फोटो काढला. छाती स्वच्छ. डॉक्टर कोठाऱ्यांनी फोटो उजेडासमोर धरला, हसले, त्याच्या पाठीवर हात ठेवला. "बुधाजी, तुम्ही बरे झालात."

बुधाजी हसला नाही. म्हणाला, "डॉक्टरसाहेब, पयल्यापास्ना त्येना आपला आपण आख्खा घेतल्यान असता, तर गणपत वाचलो असतो काय?"

डॉक्टरांनी फोटो खाली ठेवला. म्हणाले, असं नक्की काही सांगता येत नाही, शरीराशरीरावर असतं, जंतूवर असतं, कदाचित आधीपासूनच... त्यांचा आवाज नेहमीसारखा मऊ होता. बुधाजीनं त्यांना नमस्कार केला आणि बाहेर आला. व्हरांड्यात मी बाकावर पाय चोळत बसले होते. तो माझ्यासमोर उभा राहिला.

"बाईनू, तुमी सांगा."

खोटं बोलायचं माझ्या जिभेवर आलं होतं. पण इतके जिने चढले होते, इतकं ओरडले होते त्याच्यावर. आता गोड बोलून त्याला फसवायची ताकद माझ्यात नव्हती.

"हो," मी म्हटलं. "बहुतेक वाचला असता."

त्यानं मान हलवली. मग म्हणाला, "तसाच वाटला माका." आणि खाली उतरून गेला. त्या दिवशी मी घरी जाऊन हातपाय न धुताच आत गेले आणि सासूबाईंनी काही म्हटलं नाही.

मला वाटलं, संपलं. पण पुढच्याच आठवड्यात, त्याच्या सुटीच्या दिवशी, तो दवाखान्यात हजर. मी म्हटलं, काय झालं? म्हणाला, काय नाय. आणि नवे रोगी ज्या बाकावर चिठ्ठीची वाट बघत बसायचे त्या बाकाच्या टोकाला बसला. त्यानंतर दर सुटीला तो येऊ लागला. मुंबई महाराष्ट्राची झाली, लालबागेत दिव्यांच्या माळा लागल्या, त्या आठवड्यातही तो आला. त्याच्या गणपतला हे बघायला मिळालं नाही, असं मी म्हटलं तर त्यानं हात हलवून मला गप्प केलं, कारण एक नवा रोगी येऊन बसला होता. नव्या डॉक्टरांना वाटायचं हा दवाखान्यानं ठेवलेला माणूस आहे. मीही सांगितलं नाही कोण ते.

डॉक्टर आतमध्ये नव्या माणसाला सगळं समजावत. जेवणानंतर घ्या, चुकवू नका, लपवू नका, कुणाला देऊ नका. तो माणूस मान हलवून बाहेर यायचा, पुडकं हातात. मग बुधाजी त्याला बाकावर शेजारी बसवायचा आणि विचारायचा, "खोलयेत रवतस काय रे? किती जण?" आणि त्यानं सांगितलं की, त्याच्या हातावर आपला हात ठेवून म्हणायचा, "ह्या वाटू नको. मी वाटलंय. माझो भाचो मेलो."